शेरीफचा तारा आणि छायाचित्राची साक्ष

एखाद्या कचेरीचा इतिहास तिच्या जुन्या छायाचित्रांवरून सांगावा, ही कल्पना अलीकडे फार लोकप्रिय झाली आहे. अमेरिकेंतील शेरीफांच्या कचेऱ्यांचीं असलीं सचित्र पुस्तकें निघतात व तीं कौतुकानें पाहिलीं जातात. तेथील काउंटी म्हणजे साधारणतः आपला जिल्हा, आणि शेरीफ म्हणजे त्या जिल्ह्यानें मतें देऊन निवडलेला बंदोबस्ताचा व तुरुंगाचा अधिकारी. मुंबईच्या नगरपालासारखें हें केवळ मानाचें पद नव्हे. त्याच्या कमरेला पिस्तूल असतें व हातीं तुरुंगाची किल्ली. या पुस्तकांत ताठ बसलेले मिशाळ अधिकारी, छातीवरचे तारे, घोडे, मागाहून मोटारी, अशी रांग लागते. आणि वाचकास सांगण्यांत येतें कीं, हा पहा इतिहास! आमचें स्पष्ट मत असें कीं, हा इतिहास नव्हे. ही आरास आहे.

अॅरिझोनांतील कोचीस काउंटीचेंच उदाहरण घ्या. ती १८८१ सालीं स्थापन झाली. टूमस्टोन हें तिचें पहिलें मुख्य ठाणें. तेथें कॅमिलस फ्लाय नांवाचा छायाचित्रकार राहत असे. त्याच्या नांवावर मोडणारें १८८४ च्या २२ फेब्रुवारीचें एक चित्र आहे: तारेच्या खांबाला लटकलेला एक देह, व खालीं जमाव. तो देह जॉन हीथ याचा. बिस्बी येथील दरोड्याच्या कटाबद्दल न्यायालयानें त्यास जन्मठेप दिली. तेवढ्यानें लोकांचें समाधान न होऊन त्यांनीं त्यास तुरुंगांतून ओढून काढलें. पंचांनीं निर्णय दिला कीं, मृत्यु फुप्फुसाच्या विकारानें झाला, व तो विकार गळा आवळल्यानें जडला असावा. मग तो त्यानें स्वतः आवळलेला असो वा अन्य रीतीनें! कागद असा खोटें बोलला. चित्रानें खरें सांगितलें. परंतु तें चित्र कुतूहल म्हणून पाहणारा कितीदां विचारतो कीं, त्या रात्रीं नव्हे, भर दिवसां, तुरुंगाची किल्ली कोणाच्या स्वाधीन होती?

पुढें १८९४ सालीं हाच फ्लाय त्या काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. चित्र घेणारा व चित्रांतला हे एकाच लहानशा गांवचे शेजारी असतात. सबब त्या चित्रास तिऱ्हाइताची साक्ष मानणें भाबडेपणाचें होय.

आतां १९१७ सालाकडे वळूं. बिस्बीच्या तांब्याच्या खाणींत संप चालू होता. १२ जुलै रोजीं शेरीफ हॅरी व्हीलर यानें सुमारें दोन हजार हत्यारबंद माणसांस आपले हस्तक नेमून जवळजवळ बाराशें लोकांस घरांतून, रस्त्यांतून उचललें, चेंडूफळीच्या मैदानांत कोंडलें, आणि गुरांच्या डब्यांत भरून न्यू मेक्सिकोच्या ओसाड मुलुखांत नेऊन सोडलें. याचींही चित्रें आहेत: दुतर्फा बंदुका, मध्यें पायीं चालणारे मजूर. राष्ट्राध्यक्षांनीं नेमलेल्या मंडळानें हें कृत्य सर्वस्वी बेकायदेशीर ठरविलें. तरी १९२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें, हा प्रश्न मध्यवर्ती सरकारच्या अधिकारांतला नाहीं, असें सांगून हात झाडले. एकाही इसमास शिक्षा झाली नाहीं.

कोणी म्हणेल, जुन्या आठवणींचा एवढा कीस कशाला काढतां? वडिलांचीं चित्रें मुलांनीं प्रेमानें लावूं नयेत काय? अवश्य लावावींत. पण घराच्या भिंतीवर लावलेलें चित्र हा खासगी जिव्हाळा आहे; सार्वजनिक सत्तेचें चित्र हा हिशेब आहे, आणि हिशेबांत जमेची बाजू तेवढी दाखविणारा कारकून बडतर्फ होतो. त्या डब्यांतल्या माणसांस खुर्चीवर बसवून कोणी चित्र काढलें नाहीं. त्यांचीं नांवें चौकटीखालीं कोणी लिहिलीं नाहींत.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच: चित्रें फेकूं नका, वाचा. प्रत्येकाखालीं तारीख, हुकूम देणाऱ्याचें नांव, आणि हुकूम सोसणाऱ्याचेंही नांव लिहा. आपल्याकडील संस्थांच्या महोत्सवी अंकांतल्या खुर्च्यांच्या रांगांसही हाच नियम लावावा. ज्या इतिहासांत फक्त बसलेले दिसतात, त्यांत उभे राहिलेल्यांचा अपराध नसतो. तो चौकट ठरविणाऱ्याचा असतो.