बाटली भरण्याआधी

गावातले पाणी दूषित झाल्याची ओरड झाली की पहिली कृती ठरलेली असते. बाटली भरायची आणि प्रयोगशाळेकडे धाडायची. अहवालात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर निघाले की लगेच वाद पेटतो: दोष कोणाचा, खतांचा की गटाराचा? त्या एका आकड्यावरून हे सांगता येत नाही. मुळात नमुना नीट घेतलेला नसेल, तर आकड्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

बंद पडलेल्या बोअरमध्ये साचलेले पाणी म्हणजे भोवतालच्या खडकातले पाणी नव्हे. त्याचा हवेशी आणि लोखंडी केसिंगशी संबंध आलेला असतो. म्हणून आधी उपसा करावा लागतो; बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढावे, असा प्रघात आहे. सहा इंची बोअरमध्ये पन्नास मीटर पाणी उभे असेल, तर ते सुमारे ९०० लिटर भरते. म्हणजे जवळपास २,७०० लिटर सोडून द्यायचे! टँकरवर जगणाऱ्या गावाला हे सांगायला धीर लागतो. निदान ते पाणी गुरांसाठी किंवा झाडांसाठी वळवावे. उपसा चालू असताना तापमान, सामू आणि विद्युतवाहकता पुन्हा पुन्हा मोजायची आणि आकडे स्थिरावले की बाटली भरायची. सामू जागेवरच मोजावा, कारण तालुक्याला पोचेपर्यंत तो बदलतो. विरघळलेल्या धातूंसाठीचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात. तेच आम्ल नायट्रेटच्या बाटलीत पडले, तर प्रदूषण आपणच केले म्हणायचे. तो नमुना वेगळा, बर्फात ठेवलेला हवा.

दूषण कुठून आले, हा याहून अवघड प्रश्न. प्रवाहाची दिशा काढायला किमान तीन विहिरींची पाणीपातळी एकाच संदर्भपातळीवरून मोजावी लागते. त्यातही महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टचा. इथे पाणी सांधे आणि भेगांतून वाट काढते, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. म्हणून संशयित जागेच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांचे नमुने हवेत; पावसाळ्याआधीचे आणि नंतरचेही.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना चाचणी संच वापरायला शिकवले जाते. धोक्याची सूचना मिळण्यापुरते ते उपयोगी आहे, दोषारोपासाठी नव्हे. ग्रामसभेपुढे येणाऱ्या प्रत्येक अहवालावर नमुन्याची तारीख, बोअरची खोली, पाणीपातळी आणि उपशाचा वेळ नोंदलेला असावा, असा आग्रह ग्रामपंचायतींनी धरावा.