ॲपलाचियातलं स्वावलंबन एकट्याचं कधीच नव्हतं

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचिया डोंगरांत विजेची तार आणि नळजोडणी न घेता राहणाऱ्या कुटुंबांचे व्हिडिओ आपल्याकडेही आवडीनं पाहिले जातात. ओंडक्यांचं घर, झऱ्याचं पाणी, तळघरात साठवलेले बटाटे, छपरावर सोलर पॅनेल. या सगळ्यामागचा दावा असा : अंगात मेहनत असेल तर माणसाला कोणाची गरज पडत नाही, या डोंगरांतले जुने लोक असेच स्वतःच्या बळावर जगले, आपणही जगू शकतो. या दाव्यामागची तळमळ मला समजते. नोकरी, कर्ज आणि बिलं यांतून सुटावंसं वाटण्यात गैर काहीच नाही. पण दावा खोटा आहे, आणि ज्या लोकांचं नाव घेऊन तो केला जातो त्यांचीच कहाणी तो पुसून टाकतो.

या डोंगरांतली शेती गोऱ्या वसाहतकऱ्यांनी शून्यातून उभी केली नाही. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची रीत त्यांना चेरोकी लोकांकडून मिळाली, आणि त्याच चेरोकींना 1838 मध्ये लष्कर लावून पश्चिमेकडे हाकलण्यात आलं. पुढे डोंगरात स्थिरावलेली कुटुंबंही जगापासून तुटलेली नव्हती. 1784 मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज न्यूयॉर्कहून कँटनला निघालं, तेव्हा त्यात सुमारे 30 टन जिनसेंगची मुळं होती. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या रानांतून ती गोळा केली होती. रानात मुळी खणणाऱ्याचा चीनशी असा संबंध होता. डुकराचं मांस हिवाळाभर टिकवायला मीठ लागे, आणि ते सॉल्टव्हिल किंवा कनॉवा नदीकाठच्या मिठाच्या कारखान्यांतून यायचं. लोखंड, बंदुकीची दारू, कॉफी हेही घरी पिकत नव्हतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जंगलाची. घरामागची शेती छोटी असे. कुटुंब खरं जगायचं ते आजूबाजूच्या रानावर. कागदोपत्री ते रान अनेकदा दूर राहणाऱ्या कुणा मालकाचं असे, पण वापर सगळ्यांचा. कानाला खूण केलेली डुकरं मोकळी सोडायची, ती चेस्टनटची फळं खाऊन लठ्ठ व्हायची. चेस्टनट वेचून विकले की मुलांचे बूट यायचे. मक्याची कणसं सोलायला, घर उभं करायला सगळी वस्ती जमायची. हे रान आणि ही वस्ती काढून घेतली, तर उरलेल्या तुकड्यावर कितीही कुऱ्हाड चालवली तरी पोट भरत नव्हतं.

आणि नेमकं तेच काढून घेतलं गेलं. 1904 मध्ये न्यूयॉर्कला चेस्टनटवर एक बुरशी आढळली; पुढच्या काही दशकांत सुमारे 400 कोटी झाडं मेली. रोग कोणी मुद्दाम आणला नव्हता, जमिनीचं तसं नव्हतं. केंटकीत कोळशाच्या दलालांनी डोंगरी शेतकऱ्यांकडून खनिजांचे हक्क कवडीमोलानं लिहून घेतले. सही करणाऱ्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हतं. वर शेतकऱ्याची शेती, खाली कंपनीचा कोळसा, आणि कोळसा काढण्यासाठी वरचं काहीही मोडण्याची मुभा, असे ते कागद. पुढे उघड्या खाणी आल्या तेव्हा न्यायालयांनी हेच कागद उचलून धरले. नोव्हेंबर 1965 मध्ये नॉट काउंटीत ऑली कोम्ब्स ही विधवा आपल्या घरावरच्या उतारावर बुलडोझरसमोर बसली. पोलिसांनी तिला हातापायांना धरून उचलून नेलं. तो फोटो देशभर छापून आला. तिच्यासारख्यांनी आणि शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून 1988 मध्ये मतदारांकडून केंटकीची राज्यघटना दुरुस्त करून घेतली, तेव्हा कुठे मालकाच्या संमतीशिवाय जमीन उकरणं थांबलं. स्वतःच्या हातांनी पिकवून खाणाऱ्या बाईलाही स्वतःची जमीन एकटीनं वाचवता आली नाही, हे त्या व्हिडिओंत कोणी सांगत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे टीकाकार. त्यांचं म्हणणं, हे सगळं मागासलेपणाचं कौतुक आहे. विजेच्या तारेनंच या लोकांना माणसात आणलं. यातलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. 1930च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. बादल्यांनी पाणी वाहणं, राखेच्या पाण्यात कपडे उकळणं हे बायकांच्या वाट्याला येई, आणि त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक धुण्याचा दिवस तरी काढून पाहावा.

पण तारेनं फक्त दिलं असं नाही. टेनेसीतल्या नॉरिस धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबं उठवली गेली. देशाच्या वीजघरांना कोळसा पुरवणाऱ्या डोंगरांत विहिरी नासल्या. ऑक्टोबर 2000 मध्ये केंटकीच्या मार्टिन काउंटीत कोळशाच्या गाळाचा साठा फुटला आणि 30 कोटी गॅलनहून जास्त गाळ ओढ्यांत गेला. जानेवारी 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एल्क नदीत कोळसा धुण्याचं रसायन मिसळलं, तेव्हा सुमारे तीन लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. एकाच नळावर, एकाच कंपनीवर अवलंबून राहणं याला निव्वळ प्रगती म्हणता येत नाही.

मग मांडायचं काय? अवलंबून राहणं चुकत नाही, ते कोणावर हे मात्र ठरवता येतं, आणि जवळच्यावर राहणं चांगलं. डोंगरातल्या विजेचंच पाहा. अरुंद खोऱ्यात हिवाळ्यात सूर्य लवकर कड्याआड जातो आणि सोलर पॅनेल ऐन गरजेच्या वेळी कमी पडतात. ओढा मात्र त्याच काळात भरलेला असतो, कारण पानं गळलेली झाडं पाणी ओढत नाहीत. वीस मीटर उंचीवरून सेकंदाला तीन लिटर पाणी पाइपानं खाली आणलं तर छोट्या टर्बाइनवर सुमारे 300 वॉट मिळतात, म्हणजे दिवसाला सात युनिट. सरासरी अमेरिकी घर रोज तीसेक युनिट जाळतं. पण लाकडाच्या शेगडीवर ऊब मिळवणाऱ्या घराचे दिवे, फ्रिज आणि पंप या सात युनिटांत चालतात. मात्र ओढा एकट्याचा नसतो. वर कोणी झाडं तोडली तर गाळ तुमच्या पाइपात येतो, तुम्ही पाणी वळवलं तर खालच्याचा ओढा आटतो. नॉर्थ कॅरोलिनात ब्लॅक माउंटनजवळ 1994 मध्ये वसलेलं अर्थहेवन हे गाव ओढ्याच्या आणि सूर्याच्या विजेवर चालतं. जमीन सामायिक आहे आणि निर्णय बैठकीत होतात. बैठका कंटाळवाण्या असतील. तरीही मला हे गाव कुंपणामागच्या केबिनपेक्षा जुन्या ॲपलाचियाचं जास्त खरा वारस वाटतं.

नॉर्थ कॅरोलिनातच बूनजवळ ‘टर्टल आयलंड’ हे शिबिरस्थळ चालवणारा युस्टेस कॉनवे हा एकट्या डोंगरी माणसाचा पुतळाच मानला जातो. 2012 मध्ये काउंटीनं त्याच्या इमारती बांधकाम नियमांत बसत नाहीत म्हणून तिथली शिबिरं बंद पाडली. त्याची सुटका कुऱ्हाडीनं झाली नाही. लोकांनी पाठिंबा दिला आणि 2013 मध्ये विधिमंडळानं अशा साध्या बांधकामांना सूट देणारा कायदा केला.

सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळानं याच डोंगरांची परीक्षा घेतली. ॲशव्हिल शहराला पुन्हा पिण्यायोग्य पाणी मिळायला सात आठवड्यांहून जास्त लागले. उतारानं आपोआप वाहणाऱ्या झऱ्याचं पाणी ज्यांच्याकडे होतं, त्यांना पंपाच्या विजेची वाट पाहावी लागली नाही. पण दरडींनी घरं नेताना ऑफ-ग्रिड कोण हे पाहिलं नाही, आणि रस्ते वाहून गेलेल्या खोऱ्यांत शेजारी चेनसॉ घेऊन वाट मोकळी करत गेले, खेचरांच्या पाठीवरून औषधं आणि अन्न पोचलं. म्हणून या डोंगरांत जमीन घ्यायला निघालेल्यानं पॅनेलच्या किमती नंतर पाहाव्यात. आधी खनिजांचे हक्क कोणाच्या नावावर आहेत ते काउंटीच्या दप्तरात शोधावं, झऱ्याच्या वरच्या उतारावर कोण राहतं त्याच्याशी बोलावं, आणि पुढच्या पुरात चेनसॉ घेऊन कोणाच्या दारात आपण जाणार आहोत ते ठरवावं.