‘नेनचिम’ची फेरतपासणी

व्हाइटफील्डला बदलून आलेली आपली अधिकारी मंडळी आयझॅक असिमॉव्ह दिवाणखान्यात मांडतात आणि नारायण धारपांची ‘नेनचिम’सारखी विज्ञानकादंबरी मात्र पोरवयातले व्यसन म्हणून लपवितात. आम्हांस यात निव्वळ दांभिकपणा दिसतो. असिमॉव्हही भडक मुखपृष्ठांच्या स्वस्त मासिकांतूनच वर आला ना?

मराठी विज्ञानकथा १९७४ साली नारळीकरांच्या पारितोषिकाने जन्मली, असे ठासून सांगणारे तर धन्यच! नारळीकरांविषयी आमचा आदर अढळ आहे. पण जूल व्हर्नची चंद्रयात्रा १९०० सालीच ‘केरळ कोकिळ’ मासिकाने मराठीत आणली, आणि तो कोकिळ जन्मला कोचीनला, परमुलखातच! धारपांची पात्रे कित्येकदा पुठ्ठ्याची, हे मान्य. तथापि पुस्तक पुन्हा न उघडताच निकाल देणे कोणत्या कचेरीच्या शिस्तीत बसते? मंडळांच्या वाचनालयांनी या कादंबऱ्या रद्दीत काढण्यापूर्वी फेरतपासणीस घ्याव्यात.