२८-३ चं खापर एकट्या मॅट रायनच्या डोक्यावर का?

अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्या कुणासमोरही नुसतं '२८-३' म्हणा. तो आधी हसतो, मग मॅट रायनचं नाव काढतो आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं, "चांगला होता हो, पण मोक्याच्या वेळी ढेपाळला." ह्या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन, सुपर बोल. अटलांटा फाल्कन्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या २५ गुणांनी पुढे होते. त्यानंतरचे सगळेच्या सगळे ३१ गुण पेट्रियट्सचे. जादा वेळेत निकाल ३४-२८. रायन फाल्कन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. त्याच मोसमाचा 'सर्वांत मौल्यवान खेळाडू'सुद्धा तोच! ३८ टचडाउन पास आणि फक्त ७ इंटरसेप्शन.

आता आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. लॉग बघितल्याशिवाय बग कोणाच्या नावावर टाकू नये, एवढं तरी शिकलोय. तर लॉग काय म्हणतो? रायनचे २३ पैकी १७ पास पूर्ण, २८४ यार्ड, २ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. पासर रेटिंग १४४.१, जे जास्तीत जास्त १५८.३ असू शकतं. उलट त्याच सामन्यात टॉम ब्रेडीने फेकलेला चेंडू रॉबर्ट आल्फर्डने मधल्यामध्ये पकडला आणि ८२ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. ह्यातला ढेपाळलेला कोण?

"पण तो फंबल?" हो, चौथ्या क्वार्टरमध्ये हाइटावरने त्याच्या हातून चेंडू उडवला, हे खरंच. पण हाइटावर तिथवर पोचला कारण त्याला अडवायला हवं होतं त्या डेव्हाँटा फ्रीमनने अडवलंच नाही. आणि तरीही पुढच्याच वेळी रायनने हूलिओ जोन्सला साइडलाइनला असा काही पास दिला, की चेंडू पेट्रियट्सच्या २२ यार्ड रेषेवर आला. स्कोअर २८-२०, पाचेक मिनिटं शिल्लक. तीनदा धावा, घड्याळ पळू द्या, फील्ड गोल मारा, ३१-२०, विषय संपला! पण एका धावेनंतर लगेच पास खेळायचं ठरलं. रायन १२ यार्ड मागे सॅक झाला. तिथे त्याने चेंडू बाहेर भिरकावून द्यायला हवा होता, हे मला मान्य आहे. पण मुळात तो प्ले मागवला कोणी? आक्रमणाचे डावपेच काइल शॅनाहन ठरवत होते. त्यात वर होल्डिंगची पेनल्टी लागली आणि फील्ड गोलचा पल्लाच गेला.

बचावफळीचं तर काय बोलावं! पेट्रियट्सचे ९३ प्ले, फाल्कन्सचे ४६. दमलेली माणसं शेवटी कोसळली. आता बचावफळीत रायन खेळत नाही, हे सांगायला तरी लागू नये.

पण असंच असतं. रिलीज गडगडला की डिझाइन कोणाचं, टेस्टिंग कोणी गाळलं, हे कोणी विचारत नाही. ज्याचा चेहरा डेमोमध्ये दिसतो, त्याला धरतात. दोष वाटून घेण्यापेक्षा ते सोपं.

रायन यायच्या आधी, २००७ मध्ये फाल्कन्स ४-१२ होते. २००८ मध्ये तो आला आणि ते ११-५ झाले. १९६६ पासूनच्या ह्या संघाला लागोपाठ दोन मोसम हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकणं २००९ पर्यंत कधी जमलं नव्हतं. अशी १४ वर्षं त्याने अटलांटाला दिली, आणि लोकांना आठवतो एक स्कोअर.

आणि हो, जादा वेळेत नाणेफेक पेट्रियट्सनी जिंकली आणि पहिल्याच खेपेला टचडाउन केला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सामना तिथेच संपला. प्लेऑफमध्ये दोन्ही संघांना चेंडू मिळालाच पाहिजे, हा नियम आला २०२२ मध्ये. तेव्हा पुढच्या वेळी कोणी '२८-३' म्हणून हसलं, तर एवढंच विचारा : जादा वेळेत रायनने किती पास फेकले? शून्य. चेंडू त्याच्या हातात आलाच नाही.