छताचा रंग आणि कापडाची पारख

आपल्यातील अनेक कारागिरांचे घर हाच त्यांचा कारखाना असतो. शिलाई, जरीकाम, भरतकाम राहत्या खोलीतच चालते. अशा घरात छताला गुलाबी किंवा हिरवा रंग देण्याचा शौक महागात पडतो. छतावरून परतणाऱ्या उजेडात त्या रंगाची झाक उतरते आणि तीच कापडावर पडते. मग धाग्याचे मॅचिंग चुकते, माल परत येतो.

म्हणून छत पांढरे आणि बिनचकाकीचेच असावे. चुना स्वस्त खरा, पण तो झडून कापडावर पडतो. ऑईल-बाउंड डिस्टेंपर बरा. हौस दारा-खिडक्यांवर भागवावी.

घरूनच कापड विकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. गिऱ्हाइकाला मालाचा खरा रंग दिसू देणे हीसुद्धा अमानतदारीच आहे.