माप एकच असावे

मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या घरात एक भाऊ टपाल खात्यात, तर दुसरा सैन्यदलात असतो. महागाईची झळ दोघांच्या चुलींना सारखीच बसते. तेव्हा वेतनवाढीचे मापही एकच असणे न्यायाचे आहे. १९७३च्या तिसऱ्या वेतन आयोगापासून मुलकी कर्मचारी आणि सैनिक यांच्या वेतनाचा विचार एकाच आयोगाकडे आला. सातव्या आयोगाने २०१६पासून दोघांच्याही मूळ वेतनाला २.५७ हाच गुणक लावला.

सैनिकाच्या सेवेचे मोल मात्र निराळे आहे. मुलकी सेवक ६०व्या वर्षापर्यंत नोकरीत राहतो; नियमित सेवेतील बहुसंख्य जवान चाळिशीच्या आतच गणवेश उतरवतात. याची भरपाई करण्यासाठीच सैनिकी सेवा वेतन आहे. सातव्या आयोगाने ते अधिकाऱ्यास दरमहा १५,५०० रुपये ठरविले, तर जवानास अवघे ५,२००! शत्रूची गोळी काय हुद्दा विचारून येते?

न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नोव्हेंबर २०२५मध्ये स्थापन झालेल्या आठव्या आयोगाने वाढीचा गुणक समान ठेवावा आणि जवानाच्या सेवा वेतनातील ही दरी बुजवावी. दोघे भाऊ राष्ट्राचेच सेवक आहेत. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढण्याची वेळ शासनाने येऊ देऊ नये.