शाळेत ‘चालत नाही’ म्हणू नका

नागपूरच्या शाळेतल्या डब्यांत फल्लीदाणे कुठे नसतात? साबुदाण्याच्या उसळीत, चिवड्यात, आलूपोह्यात, चिक्कीत. बहुतेक लेकरांचं त्यावाचून अडतं, पण एखाद्याला तो दाणा बाधतो.

आमच्या शेजारच्या मुलाच्या वर्गात संक्रांतीला तिळगूळ वाटला. तो म्हणाला, “मला दाणे चालत नाहीत.” वाटणाऱ्या ताई प्रेमानं म्हणाल्या, “एवढ्याशानं काय होतं रे, सणाचं आहे.” दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. ‘पित्त उठलं’ म्हणून त्याला ओट्यावर हवेशीर बसवलं. दवाखान्यात नेईपर्यंत धाप लागली होती. पोरगं वाचलं.

त्या ताईंना मी दोष देत नाही. ‘चालत नाही’ आपण उपासाला म्हणतो, घरात अंडं होत नसलं तरी म्हणतो, कारलं आवडत नसलं तरी तेच. म्हणून पालकांनो, सरळ सांगा: “याला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे, खाल्ला तर श्वास अडकू शकतो.” डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हे लेखी द्या. दरवर्षी वर्गशिक्षक बदलले की पुन्हा द्या. व्हॅनवाल्या दादांनाही सांगा.

शाळांना हे अवघड नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनानं पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय केलीच होती. कोण अंडं खातं हे विचारता येतं, तर कोणाला काय बाधतं हेही प्रवेशाच्या वेळी विचारता येईल. ती यादी आहार शिजवणाऱ्या ताईंच्या हाती हवी, ऑफिसच्या कपाटात नको.

दाण्यांवर सरसकट बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ती टिकायची नाही. जेवणानंतर सगळ्यांनी साबणानं हात धुवावेत, सॅनिटायझरनं दाण्याचा अंश जात नाही. पाकीटबंद खाऊ आणला तर मागची बाजू वाचा. दाणे, दूध, अंडी, सोया, गहू असल्यास ते छापणं एफएसएसएआयच्या नियमानं बंधनकारक आहे. घाणीच्या फल्लीतेलाचंही लक्षात ठेवा, त्यातही दाण्याचा अंश उरू शकतो.

आणि तरीही घडलंच तर? खाल्ल्यावर आवाज बसला, धाप लागली, जीभ सुजली, किंवा गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या, की गोळीचा गुण येण्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. लेकराला आडवं निजवून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसतं ठेवा, चालवत नेऊ नका. नागपूरचं मेडिकल रुग्णालय असो, मेयो असो की जवळचा दवाखाना, पोचताच सांगा की अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन आहे. तिथं मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन देतात, आणि ते जितकं लवकर तितकं बरं.

एक विनंती वर्गातल्या इतर आयांना. त्या लेकराला वेगळ्या बाकावर एकटं बसवायला सांगू नका. ज्याच्या डब्यात दाणे नाहीत असा मित्र त्याच्या शेजारी बसू द्या. आणि तुमच्या पोराच्या वाढदिवसाला वर्गात काय वाटायचं, ते आदल्या दिवशी त्याच्या आईला फोन करून विचारा.